सरकत्या जिन्याची तक्रार

मावशींचे गुडघे दुखतात आणि गुडघ्यांचा दवाखाना नेमका शॉपिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथे पुढच्या दाराशी एक आणि मागच्या दाराशी एक असे दोन सरकते जिने. एक वर नेतो, दुसरा खाली आणतो. फोनमधल्या नकाशाने वर नेणारा म्हणून पुढचा दाखवला. मावशी तिथे रिक्षातून उतरल्या, तर जिना डोळ्यांदेखत खाली येत होता.

“अहो मावशी, फोनवर बघून यायचं ना!” रखवालदार म्हणाला.

“बघूनच आले रे बाबा!” मागच्या दाराला जायचं तर अख्ख्या इमारतीला वळसा. मावशींनी कठडा धरला आणि शेजारच्या अडतीस पायऱ्या चढल्या.

वर पोचताच त्यांनी नकाशावाल्यांना आणि सेंटरच्या मॅनेजरला, दोघांनाही तक्रार पाठवली. माणसं भली निघाली. नकाशावाल्यांनी त्याच संध्याकाळी नकाशातले बाण उलटे केले. मॅनेजरने त्याच संध्याकाळी जुन्या नकाशाबरहुकूम दोन्ही जिने उलटे फिरवले. दोघांचाही निरोप आला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’

पुढच्या सोमवारी मावशी नकाशा बघून मागच्या दाराशी उतरल्या आणि तिथल्या अडतीस पायऱ्या चढल्या. पुन्हा तक्रार केली. दोघांनीही क्षमा मागून तितक्याच तत्परतेने पुन्हा दुरुस्ती केली.



तिसऱ्या तक्रारीत मावशींनी एवढंच लिहिलं, “हात जोडते, तुमच्यापैकी एकाने तरी कामचुकारपणा करा.”