पाण्याकडे पाठ

कप्तानांनी उंच खुर्चीवरून थेट पोहण्याच्या तलावात उडी मारली आणि ज्याला बुडताना पाहिलं होतं त्याला बगलेत धरून काठाशी आणलं. तो लाल चेंडू होता.

पोहणारी झाडून सगळी माणसं हसत सुटली. एका आजींनी तर टाळ्याच वाजवल्या. कप्तान बूट, गणवेश आणि मनगटावरच्या घड्याळासकट शिडी चढून वर आले आणि चेंडू एका मुलाच्या हातात दिला. "नीट सांभाळ," ते इतक्या गंभीरपणे म्हणाले, की मुलगा मुकाट्याने "हो" म्हणाला.

टॉवेल घेऊन मासोळी आली. कप्तानांच्या हाताखालच्या जीवरक्षकांत ती सगळ्यांत वेगाने पोहायची, म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ती हसत नव्हती.

"सकाळी सहापासून वर आहात," ती म्हणाली.

"मग?"

"मग भिंतीवर काय लिहिलंय?"

भिंतीवर निळ्या रंगात, कप्तानांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'अर्धा तास वर, दहा मिनिटं खाली. खाली असताना पाण्याकडे पाठ.' पाणी समोर असलं की डोळे पहारा देतच राहतात, त्यांना सुट्टी मिळत नाही, असं ते प्रत्येक नव्या माणसाला बजावायचे. खाली बसलेल्या कुणी मान वळवली की वरून खेकसायचे. स्वतः मात्र सकाळी जे चढायचे ते दुपारीच उतरायचे.

"ते तुम्हा पोरांसाठी आहे," कप्तान म्हणाले. "मुख्य माणूसच भिंतीकडे तोंड करून बसला, तर लोक काय म्हणतील?"

"आज काय म्हणाले ते ऐकलंत की." मासोळीने आवाज खाली आणला. "कप्तान, आज चेंडूला डोकं समजलात. हसण्यावारी गेलं. उद्या डोक्याला चेंडू समजलात तर?"

कप्तानांना भीती वाटली. उभ्या आयुष्यात पाण्याची कधी एवढी वाटली नव्हती. ते गुपचूप बाकावर जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून. मासोळी खुर्चीवर चढली. पलीकडच्या खुर्चीवर तिचा जोडीदार होताच.

पहिली दोन मिनिटं मान सारखी मागे वळायला बघत होती. कप्तानांनी ती टॉवेलने खसाखसा पुसली. मग नाइलाजाने भिंत बघितली. एका फटीतून मुंग्या चालल्या होत्या. 'खाली' या शब्दाचा रंग उडाला होता. आपले खांदे कानांपर्यंत चढले होते, हे खांदे उतरले तेव्हा त्यांना कळलं. जबडाही दुखत होता. कधीपासून, देव जाणे. मागे पाणी डुबुक डुबुक वाजत होतं आणि ते ऐकायला चक्क बरं वाटत होतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. लांबलचक, उडी मारण्याआधीची. पाठोपाठ धप्प.

कप्तान अर्धे उठले. त्यांनी पुष्कळांना ओढून बाहेर काढलं होतं, पण स्वतःला त्या बाकावर परत बसवण्याइतकं जड काम कधी केलं नव्हतं. त्यांनी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. मुंग्या आपल्या चालतच होत्या. मनातल्या मनात अकरापर्यंत आकडे मोजून झाले, तेव्हा मागे एक पोरगं खोकलं आणि मग त्याने भोकाड पसरलं. चांगलं खणखणीत भोकाड. कप्तानांचा जीव भांड्यात पडला.

"काही नाही, नाकात पाणी गेलंय नुसतं," मासोळी त्याच्या आईला सांगत होती. "थोडा वेळ जवळ घेऊन बसा."

खुर्चीकडे परतताना तिची ओली पावलं बाकामागे क्षणभर थांबली.

"घाबरलात, कप्तान?"

"हो."

"अजून चार मिनिटं आहेत."

कप्तानांनी ओले बूट काढले, पाय लांब केले आणि भिंतीला टेकवले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मधेच उठवू नकोस."