पिठावरची खूण

अंबूबाईने पाटी उचलली आणि भोवतीच्या बाया पुढे वाकल्या.

बुधाजीने जिथे प्राण सोडला, त्या जागी दहाव्याच्या संध्याकाळी तांदळाचं पीठ पसरलं होतं. शेजारी दिवा ठेवून वर बांबूची पाटी उपडी घातली होती. गेलेला जीव रात्रीतून येतो, पिठावर पाऊल ठेवून जातो, आणि त्या पावलावरून तो पुढे कुठल्या जन्माला गेला ते कळतं, असं कडावात सगळेच मानतात. पावलं वाचावीत ती अंबूबाईने. दिवा कधीतरी विझून गेला होता. पीठ गुळगुळीत होतं, आणि मधोमध एकच खूण होती.

कुणी म्हणालं मुंगळा, कुणी म्हणालं चिमणी. ठमीच्या सासऱ्याच्या पिठात मागे कोंबडीचा पाय उमटला होता, तेव्हापासून त्या घरात कोंबडी कापायची सोय राहिली नाही, याची एकीने आठवण काढली. सुतकाच्या घरातही बाया तोंडाला पदर लावून हसल्या. अंबूबाई हसली नाही. नाक पिठाला टेकेल इतकी वाकून ती बघत राहिली.

"पाखरू नाय, किडा नाय. ह्यो आंगठा हाय. मानसाचा." मग तिने हात जोडले. "म्हातारा पुन्ना मानसाच्याच जल्माला गेला गं. जलमभर कीर्तनात बसला, त्याचं फळ."

घर एकदम हलकं झालं. बुधाजीच्या लेकीने, सोनुबाईने, डोळे पुसले. कुणीतरी चहाचं आधण चढवलं.

मुलगा कान्हा तेवढा दाराची चौकट धरून उभा होता. पिठातल्या अंगठ्यावर मधोमध एक आडवी चीर होती. बुधाजीच्या अंगठ्यावर कोयत्याच्या जुन्या वाराचा वण होता, त्याची. ती चीर अशीच उमटलेली कान्हाने एकदा पाहिली होती, कागदावर.

बुधाजी गेला त्या पहाटे उशाशी कान्हा एकटाच होता. ओहोळाकाठचं भाताचं खाचर सोनूचं, असं म्हातारा चार माणसांत बोलून बसला होता. नवरा वारल्यावर ती चौक गावच्या सासरहून माहेरी आली, तेव्हापासून त्या खाचरावरच तिचं पोट होतं. कान्हाने मात्र म्हातारा जिवंत असतानाच कर्जतला जाऊन त्याचं मृत्युपत्र लिहून आणलं, सगळी जमीन आपल्या नावे. साक्षीदारांच्या सह्याही आधीच घेऊन ठेवल्या. अंगठा द्यायला म्हातारा काही तयार होईना. मग त्या पहाटे श्वास थांबला. हात अजून ऊन होता. कान्हाने बापाचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवला, कागदावर दाबला, कागद ट्रंकेत ठेवला, आणि मगच टाहो फोडला.

आता अकराव्याची जेवणं उरकली की विठूमामा ओटीवर वाटणीचं बोलणार होते. पाहुणे पांगायच्या आत जे ठरेल, तेच तलाठ्याकडे जायचं. मामा सोनूच्या खाचराचं नाव काढतील, तेव्हा कान्हा कागद पुढे करणार होता.

जेवणं झाली. माजघरात कुणी नाही असं पाहून त्याने ट्रंक उघडली. कागद घडी घातला होता तसाच होता. त्याने तो उलगडला. अंगठ्याची शाई चमकत होती, आत्ताच उमटवल्यासारखी. कान्हाला वाटलं, उजेडाचा भास. खात्री करायला त्याने आपला अंगठा टेकवून पाहिला. जांभळा डाग अंगठ्याला आला. कागदावरचा ठसा मात्र जराही फिका झाला नाही.

कागद सदऱ्यात कोंबून तो मागच्या दारी नहाणीच्या दगडाशी गेला. राखेने घासलं, मातीने घासलं, पेंढा घेऊन घासलं. कातडी लाल झाली. डाग हलेना.

पाठीमागून सोनू आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"हात धर, दादा."

त्याने हात पुढे केले. ती सावकाश पाणी ओतत राहिली. ओटीवरून विठूमामांनी हाक मारली, ये रं बाबा, मानसं खोळंबलीत.

"निघायची नाय ती शाई," सोनू म्हणाली. "बाबांची पन नाय निघाली."

कान्हाने मान वर केली. ती पाण्याकडेच बघत होती.

"त्यांचं हात धुताना लय घासली मी. राख लावली, चिंच लावली. भायेर तिरडी बांधून झाली व्हती, किती येळ थांबवनार? तसंच पाठवलं." तिने तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं. "देवाम्होरं हात जोडताना आंगठा लपवावा लागला आसंल रं त्यांना."

ओटीवरून पुन्हा हाक आली.

कान्हाने सदऱ्यातून कागद काढला आणि दगडावर, आपल्या हातांखाली, पसरून ठेवला. तांब्या पुन्हा भरून सोनूने त्याच्या हातांवर धार धरली. हातांवरून पाणी कागदावर पडू लागलं तशी अक्षरं सुटली. साक्षीदारांची नावं सुटली, शेतांची नावं सुटली, कान्हाचंही नाव वाहून गेलं.

पांढरा कागद उरला, आणि त्यावर बुधाजीचा अंगठा.