वरचा सूर

हेरंब छोट्या सभागृहात शेवटच्या रांगेत टोपी पुढे ओढून बसला होता. सहा वर्षं त्याने इराच्या गाण्यांना ड्रमची साथ दिली होती. मार्चमध्ये ती बँड सोडून गेली, आणि आज नव्या बँडबरोबर पहिल्यांदाच गात होती. ती तोंडावर आपटावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तिसऱ्या गाण्यात वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. गिटार थांबली. कुणीतरी शिट्टी मारली, दोघे-तिघे हसले. इरा माइक धरून नुसतीच उभी राहिली.

हेच ऐकायला हेरंब आला होता, पण घाम त्यालाच फुटला. तो ताडकन उठला.

"इरे, श्वास घे आणि परत उचल!"

तिने अंधारात डोळे बारीक करून पाहिलं आणि मोठा श्वास घेतला. या वेळी सूर चोख लागला. हेरंब गाणं संपेपर्यंत उभाच होता, मांडीवर ठेका धरून.