सतरा गाड्यांचं अंगण

"बैलाची लांबी शेपटीसकट घ्यायची की शेपटीवाचून?" इंजिनियर सुधाकररावांनी भर रस्त्यात टेप धरून विचारलं, आणि बघ्यांमध्ये लगेच दोन तट पडले.

"शेपटीसकट," यशवंतराव म्हणाले. बैल त्यांचे होते.

"शेपूट लागलं तं भिंत पडते का?" त्यांची बायको रुक्माबाई म्हणाली. शेपूट वगळण्यात आलं.

भांडण दोन फुटांचं होतं. त्यांच्या बेला गावात नवं घर बांधायचं होतं. फकिरा मिस्त्री सांगून गेला होता, अंगणात गाडी वळायला हवी असेल तर स्वयंपाकघर दहा फुटांचं आठ करा. यशवंतरावांना ते जागच्या जागी पटलं. ते त्या घरात जेवणार होते, रांधणार नव्हते. रुक्माबाईचं मात्र एकवीस वर्षं भाकरी थापताना कोपर भिंतीला घासत आलं होतं. म्हणून आज आदिलाबादच्या मार्केटात कापूस उतरवल्यावर तिनं रिकामी गाडी सुधाकररावांच्या दारात आणायला लावली. त्यांनी हैदराबादेहून एक कॉम्प्युटर आणला होता आणि तो घर बांधायच्या आधीच घर दाखवतो, असं तिच्या कानावर आलं होतं. जिल्ह्यातला हा असा पहिलाच, असं सुधाकरराव सांगत. खोडून काढायला दुसरं कोणी नव्हतं.

कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता आणि दारावर पाटी होती : चपला बाहेर काढा.

"आत देव हाय का?" यशवंतरावांनी विचारलं.

"त्याला धूळ चालत नाही."

"आमच्या देवाले तं चालते," म्हणत यशवंतरावांनी चपला काढल्या.

काळ्या काचेवर पिवळ्या रेघा उमटल्या. हे फाटक, ही ओसरी, ही न्हाणी, भिंतीलगत बैलांची गव्हाण. रुक्माबाईला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. घार होऊन आपल्याच घरावर तरंगावं तसं तिला वाटत होतं. सुधाकररावांनी काहीतरी दाबलं, तशी ती घार खाली आली आणि काचभर नुसतं स्वयंपाकघर झालं. चुलीची जागासुद्धा दिसत होती.

"दहाच हाय ना, साहेब?"

"दहा फूट. एक दोरा कमी नाही."

एकवीस वर्षांत तिच्या स्वयंपाकघराकडे कोणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

मग मोजलेली गाडी बैलांसकट फाटकातून आत घेतली. सुधाकरराव ती थोडी सरकवत, थोडी वळवत. दर वेळी आधीची गाडी तिथंच उभी राही आणि पुढं एक नवी उमटे. अधूनमधून कॉम्प्युटर विचार करत थांबायचा. त्यात दोन चहा झाले. शेवटी घडीचा पंखा उघडावा तशा अंगणात सतरा गाड्या झाल्या आणि चौतीस बैल.

"एवढ्या गाड्या कोनाच्या?" यशवंतराव.

"तुमचीच."

"मंग वळली कोनती?"

"एकच वळली. ही तिची पावलं." सुधाकररावांनी आसाचं टोक आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्यात मोजून पाहिलं. "तीन इंच उरतात."

रुक्माबाईनं तोंडाला पदर लावला. मिस्त्री दोन फूट मागून गेला होता, आणि कॉम्प्युटर नावाचं हे बिनतोंडाचं पोरगं वर तीन इंच देत होतं.

यशवंतराव काचेवरच्या बैलांकडे वाकले. "हे बैल लय गुनाचे हायत," ते म्हणाले. "माहा डावा असा वळत नाही. तो आपल्या मनानं चालते."

बैलाचा स्वभाव आत टाकायची सोय नाही, हे सुधाकररावांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. मग कागद घेतला, चुन्याची गोणी घेतली आणि सगळ्यांना घेऊन ते मार्केटामागच्या मैदानात गेले.

तासाभरात तिथं घर उभं, म्हणजे आडवं, झालं. कागदावरचं प्रत्येक माप चुन्यानं जमिनीवर उतरलं. फाटकाला आणि दारांना रेघेत जागा सुटली. एका अडत्यानं विचारलं, "कबड्डी है क्या?"

"नई, घर है," रुक्माबाई म्हणाली आणि दारातून आत जाऊन चुलीपाशी बसली.

यशवंतरावांनी गाडी फाटकातून घातली. डावा बैल खरोखरच मनानं चालला. आधी थांबला, मग अडत्याकडे पाहिलं, मग एकदम वळला. आसाचं टोक स्वयंपाकघराच्या रेघेवरून गेलं की काय म्हणून माणसं गुडघ्यावर बसली. रेघ शाबूत होती. मधे तीन इंच होते. आणि तो डावा, पूर्ण वळसा घेऊन, चुन्याच्या गव्हाणीपुढे जाऊन थांबला आणि त्यानं मान खाली घातली.

सुधाकररावांनी कागद पाहिला. बैल बरोबर उभा होता.

रुक्माबाईनं बसल्या जागी दोन्ही कोपरं फाकवून पाहिली. मग भाकरी थापल्यासारखे हात हलवले. कुठं काही लागलं नाही.

यशवंतराव गाडीवरून उतरले आणि सरळ तिच्याकडे निघाले. "मी काय म्हनतो, तीन इंच म्हंजे काई—"

"अवो, भिंतीतून काऊन येऊन राह्यले?" ती बसल्या जागेवरून म्हणाली. "दार तिकून हाय. आन् चपला बाहेर काढा."

यशवंतराव एक पाय उचलून तसेच थांबले. सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं, डावा बैलसुद्धा.

त्यांनी पाय मागे घेतला. भिंतीच्या कडेकडेनं वळसा घालून ते दाराशी आले, आणि चुन्याच्या उंबऱ्याबाहेर त्यांनी चपला नीट जोडीनं ठेवल्या.