मधला काना

पायाखालचा मुरूम सरकला आणि आमरीन हातभर खाली घसरली. ती कशीबशी सावरली, पण चारदोन खडे उड्या मारत थेट खाली उभ्या असलेल्या सरिताताईंच्या बुटांपाशी जाऊन पडले.

"बस!" ताई खालून ओरडल्या. "आमरीन, बस!"

आमरीन जागच्या जागी उभी राहिली.

सकाळीच ताईंनी सगळ्या पोरांना बजावलं होतं की चढताना त्या कुणाकडं बघणार नाहीत, चढायची हौस सगळ्यांनाच असते. दौलताबादच्या किल्ल्यासमोरच्या या टेकडीवरून, पाठीवर ओझं घेऊन, कोण कसं उतरतं ते त्या बघणार होत्या. मे महिन्यात हिमाचलातल्या बर्फाच्या शिखरावर कुणाला न्यायचं, ते त्यावरून ठरणार होतं. चढताना आमरीन सगळ्यांच्या पुढं होती. आणि आता अर्ध्या उतारावर ताईंनी तिला बस म्हटलं होतं.

शहागंजातल्या तिच्या घरात या शब्दावर अपील नव्हतं. अब्बांनी बस म्हटलं की टीव्ही बंद व्हायचा, भांडण मिटायचं, हट्ट तिथंच संपायचा. बस म्हणजे पुरे, आता पुढं नाही. मे महिनाही तसाच संपला, असं तिला वाटलं. डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिनं मान खाली घातली आणि सॅकचा छातीवरचा पट्टा सोडून टाकला. न्यायचंच नाही, तर हे ओझं तरी कशाला?

पट्टा सुटताच सॅक एका अंगाला कलली आणि तिच्याबरोबर आमरीनही.

"अगं, बस म्हणते ना!" ताईंचा आवाज चढला.

तेच दोनदा ऐकवायची काय गरज होती? आमरीननं दातओठ खाऊन तोल सावरला आणि ती आणखी ताठ उभी राहिली. तिच्या मागं, वरच्या अंगाला विश्वजीत खोळंबला होता. गंगापूरचं हे पोरगं बोलल्याशिवाय राहणारं नव्हतंच. आधी त्यानं रस्ता जाम झाल्याची तक्रार केली, मग ताईंना हाळी दिली, "ताई, ही पुतळ्यावानी उभीच हाय. ऐकंना."

ताई हातापायांवर रांगत वर आल्या. एका हातानं त्यांनी तिची सॅक धरली, दुसऱ्या हातानं खडक. त्यांना धाप लागली होती.

"बस म्हणलेलं ऐकू येत नाय का तुला?"

आमरीनचं मराठी चांगलं होतं. शाळेत निबंध वाचून दाखवायला तिलाच उभं करत. पण या घटकेला तोंडातून घरचीच बोली आली. "आपीच बोले ना ताई, बस बोलके. इसलिए रुक गई मैं."

ताई तिच्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या.

"अगं माझे बाई," त्या म्हणाल्या, "पुरे म्हणायचं असतं, तर मी बास म्हणले असते. मधी काना देऊन. हे बिनकान्याचं बस हाय. बूड टेकव खाली."

आमरीन मटकन खाली बसली. त्याबरोबर पायाखालचा मुरूमही गप्प झाला. मागं विश्वजीत कुणी न सांगताच बसला. हसू दाबायला त्याला तेच सोपं पडलं असावं.

ताईंनी तिचा पट्टा पुन्हा लावून दिला. लावता लावता समजावलं की खडी सरकायला लागली की उभा माणूस कोसळतो, बसलेला नुसता घसरतो, आणि घसरलेल्याचे फार तर कपडे फाटतात.

"म्हणजे माझं पुरे नाय ना झालं, ताई?"

"पुरे कशाचं? अजून अर्धा उतार पडलाय."

तिथून पुढं कुणाचाही पाय सरकला की ताई ओरडत, "बस! बैठ!" आणि उतारावरची सगळी पोरं, ज्यांना सांगितलं तीही आणि नाही तीही, फतकल मारत. पायथ्याला पोचेपर्यंत सगळ्यांच्या पँटी मागून एकाच रंगाच्या झाल्या होत्या.

सीताफळाच्या झाडांखाली पोरं पाणी पीत बसली. ताई मेबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. उतारावर एकदा विचारून झालं होतं. पुन्हा विचारायचा आमरीनला धीर होईना. तेवढ्यात ताई मोबाईल हातात घेऊन तिच्यापुढं येऊन थांबल्या.

"तुझ्या बुटाचा नंबर काय?"

"कशाला, ताई?"

"बर्फातले बूट तिकडं भाड्यानं घ्यावे लागतात. आधी कळवलं तर मापाचे मिळतात."

आमरीनला आपला नंबर ठाऊक नव्हता. आजवर तिनं घातले ते भावाचे, इम्रानचे जुने बूट, पुढं कापूस कोंबून. तिनं घाईघाईनं नाडी सोडली, मोजा ओढून काढला आणि उघडा पाय मऊ फुफाट्यात ठेवला.

ताईंनी एक काडी उचलली, खाली वाकल्या आणि टाचेपासून रेघ ओढायला सुरुवात केली.

"हलू नको," त्या म्हणाल्या.

काडी तळव्याच्या कडेनं फिरत करंगळीपाशी आली तेव्हा फार गुदगुल्या झाल्या. तरी आमरीन हलली नाही.