एकेरी दार

"खडबडीत बाजू आत घेऊ की बाहेर, ताई?" सुताराने दुसऱ्यांदा विचारलं.

"आत," ती म्हणाली. तिचं लक्ष बैठकीत भिंतीला टेकून बसलेल्या वहिनीकडे होतं.

रबर आणि प्लॅस्टिकचे थर, मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे, कप्प्यांत बारीक पंखे. पदार्थ साधेच, करामत सगळी रचनेची. आवाज एका बाजूने जायचा, उलटा यायचा नाही. तिने प्रयोगशाळेत रुग्णालयांसाठी घडवलेलं हे दार आपल्याच घराला लागेल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

सकाळी भाऊ अपघातात गेला होता. आतल्या खोलीत आई, झटक्यातून जेमतेम वाचलेली, अंथरुणाला खिळलेली. "इतक्यात कानावर घालू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. "धक्का सोसायचा नाही त्यांना." आईची हाक बाहेर यावी, पण घरातलं रडं आत जाऊ नये, म्हणून हा खटाटोप. तिने आईला झोपेची गोळी दिली आणि दार ओढून घेतलं. तपासून बघायचं राहिलंच, कारण तेवढ्यात भावाला घरी आणलं.

वहिनीने हंबरडा फोडला. तिने दचकून दाराकडे पाहिलं. आतून चकार शब्द नाही.

"कळू दे गं तिला," मावशी म्हणाली. "पोटचा गोळा आहे."

"मावशी, एकाला घालवून बसलोय. आता आईला नाही घालवायचं."

उन्हं उतरायच्या आत त्याला नेलं.

माणसं पांगल्यावर ती त्या दाराला कान लावून बसली. जिन्यात भावाच्या चपला वाजल्याचा भास पुन्हा पुन्हा होत होता, आणि दारामागून मात्र साधा उसासाही नाही. गोळीचा गुण, तिने मनाला समजावलं. उघडून बघायला हात धजेना. वहिनीचं रडं अजून थांबलं नव्हतं.

शेवटी दुधाचा पेला घेऊन ती झटकन आत शिरली आणि पाठीने दार लोटलं. आत घ्यायला सांगितलेली खडबडीत बाजू पाठीला टोचली.

दार लागलं, तरी वहिनीचं मुसमुसणं खोलीत येतच राहिलं. अगदी कानाशी बसून कोणी रडावं, तसं.

आईचे डोळे टक्क उघडे होते. घसा पार बसला होता.

"दुपारपासून हाका मारतेय गं तुला," आई म्हणाली. "नेण्याआधी एकदा त्याचं तोंड दाखव म्हणून."