पुसलेली नोंद

"सर, ही ओळ चुकीच्या जागी आहे," शर्वरी म्हणाली.

नवजात बाळांचे इन्क्युबेटर तपासणाऱ्या मीटरचा प्रोग्रॅम टिळेकर सरांनी लिहिला होता. चाचणीत बिघाड आढळला की मीटर त्याची नोंद धरून ठेवायचं. प्रोग्रॅम मात्र ती नोंद पुसून टाकायचा आणि मग बिघाड आहे का, असं मीटरला विचारायचा. उत्तर नेहमी 'नाही' यायचं.

तिने नोंद पुसणारी ती ओळ चाचणीच्या आधी नेली आणि पास झालेला एक इन्क्युबेटर पुन्हा जोडला. पडद्यावर बिघाड उमटला.

सरांनी रुग्णालयाला फोन लावला. "आम्ही काल तपासून पाठवलेल्या इन्क्युबेटरमध्ये बाळ असेल तर आधी बाहेर काढा. कारण मग सांगतो."

फोन कानाशी धरून ते उभे राहिले.

"एक बाळ होतं," अखेर ते शर्वरीला म्हणाले. "ठीक आहे. आईच्या छातीशी ठेवलंय."